माणदेशचे पाणी आणि कृषी अभियंता

सन १९०१ ची गोष्ट. साताऱ्यास राहणारी चार मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे निघाली होती. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल म्हणून नोकरीस होते. दुष्काळाने माणसे हजारांनी मरत होती आणि त्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून मुंबई सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. मुले रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली. पत्र वेळेवर न पोचल्यामुळे न्यायला कोणीही आले नव्हते. स्टेशनमास्तरला जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. गाडीवान गाडीत बसेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच बैल हाकले आणि गाडीवान पायी चालला. डब्यात जेवण होते, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही. रात्र टोलनाक्यावर काढली, तिथेही पाणी नाही. त्या चार मुलांतील एक मुलगा म्हणजे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रवास सांगितला आहे.

आपण समाजबांधव ही हकीकत अस्पृश्यतेची हकीकत म्हणून वाचतो व ते बरोबरच आहे. परंतु मी आयुष्यभर मातीचे बांध आणि नालाबंडिंगची कामे केलेला माणूस असल्यामुळे मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मुले ज्या ठिकाणी चालली होती ते ठिकाण म्हणजे पाण्याचेच काम! तलाव खोदला जात होता, हिशेब ठेवायला त्यांचे वडील होते, आणि त्याच मुलांना वाटेत पाणी मिळत नव्हते. पाणी साठवणे हे एक काम आणि ते सर्वांच्या ओंजळीत पोचणे हे दुसरे काम. पहिले झाले म्हणजे दुसरे आपोआप होत नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'कृषी अभियंत्याच्या कामाविषयी विद्यार्थ्यांसाठी लिहा' असे सांगितले, तेव्हा लिहायचे ते ह्या दोन कामांविषयीच असे मी ठरवले.

प्रथम कृषी अभियंता म्हणजे कोण ते थोडक्यात. आपल्याकडे पुष्कळ पालकांचा समज असतो की कृषी म्हटले की बी-बियाणे, खते, औषधे. तो कृषी पदवीधर. इमारती, पूल, मोठी धरणे बांधतो तो स्थापत्य अभियंता. ह्या दोघांच्या मधल्या बांधावर कृषी अभियंता उभा असतो. उतारावरून किती पाणी वाहील, माती किती धुपेल, बांध कोठे घालावा, पिकाला किती पाणी लागते, ते ठिबकने द्यावे की पाटाने, मोट गेली आणि पंप आला तर किती अश्वशक्तीचा घ्यावा, निघालेले डाळिंब टिकवावे कसे, ही सारी त्याची खाती. भारतात या विषयाचे पदवी शिक्षण अलाहाबादच्या कृषी संस्थेत १९४० च्या दशकात सुरू झाले. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चारही कृषी विद्यापीठांत ते मिळते.

आता आपल्या भागाकडे येऊ. माण नदी कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते, दहिवडी, म्हसवडवरून आटपाडी, सांगोल्याच्या शिवारातून जाते व पंढरपूरजवळ सरकोली येथे भीमेस मिळते. नदी म्हणायची खरी, पण वर्षातील बहुतेक महिने तिचे पात्र म्हणजे वाळूचा रस्ता. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरास पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात साडेचारशे-पाचशेच्या आसपास. सह्याद्री ढग अडवतो आणि आपण त्याच्या पाठीमागे राहतो. पुन्हा हा पाऊस सारखा पडत नाही. पाच-सहा दिवसांत निम्मा पडून जातो आणि मग महिनाभर आभाळ कोरडे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त धनगरवाडी पावसाअभावी कशी उठून जाते ते वाचकांना आठवत असेलच.

पाऊस कमी म्हणून कपाळाला हात लावायचा का? जरा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. पाचशे मिलिमीटर पडला तर हेक्टरी पन्नास लाख लिटर. म्हणजे एका एकरावर वर्षाला वीस लाख लिटर पाणी येऊन जाते. टँकर साधारण दहा हजार लिटरचा धरला तर एकरी दोनशे टँकर! मे महिन्यात ज्या गावाला टँकर लागतो, त्या गावच्या प्रत्येक एकरावर जून ते ऑक्टोबरात दोनशे टँकर ओतून गेलेले असतात. त्यातील पुष्कळसे पाणी वाफ होऊन जाते, काही पीक पिते, काही मुरते आणि उरलेले मातीसकट ओढ्याने निघून जाते. ह्या शेवटच्या वाट्याला थांबवणे हे आमचे काम.

ते थांबवायचे कसे याचे शास्त्र आपल्याच मुलुखात घडले आहे. सोलापूर येथे १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. एन. व्ही. कानिटकर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी तेथे माती, ओलावा आणि बांध यांचा अभ्यास केला. पुढे १९४२ साली मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा झाला आणि समपातळी बांधांची कामे सरकारी खर्चाने सुरू झाली. म्हातारी माणसे अजून 'ताली' आणि 'बंडिंग' हे शब्द वापरतात, ते त्या काळापासूनचे.

कामाचा नियम एकच, माथ्यापासून पायथ्याकडे. आधी डोंगराच्या उतारावर सलग समपातळी चर, साधारण दोन फूट रुंद आणि एक-दीड फूट खोल. मग शेतात बांधबंदिस्ती. मग लहान ओहळांत दगडी बांध, नंतर मातीचे नालाबांध, आणि अगदी शेवटी पाझर तलाव किंवा सिमेंट बंधारा. पुष्कळ ठिकाणी उलटे होते. सिमेंट बंधाऱ्याचा फोटो चांगला येतो, उद्‌घाटनाला फीत बांधता येते. चराला फीत बांधणार कोठे? मग माथा उघडा राहतो आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो. मी अशा गाळाने भरलेल्या बंधाऱ्यांत मुलांना क्रिकेट खेळताना पाहिले आहे.

समपातळी रेषा आखण्यासाठी महागडी दुर्बीण हवीच असे नाही. विद्यार्थी मित्रांनी सुट्टीत एक प्रयोग करावा. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधून खाली पाय फाकवावेत आणि मध्ये तिसरी आडवी काठी बांधावी. वरच्या टोकापासून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडावा. सपाट फरशीवर ठेवून दोरी आडव्या काठीवर जिथे येईल तिथे खूण करावी, मग पाय अदलाबदल करून पुन्हा खूण करावी. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. ही काठी घेऊन उतारावर एक पाय स्थिर ठेवत दुसरा फिरवत गेले की समपातळीची रेषा सापडते. शंभर रुपयेही लागत नाहीत. ज्याला ही रेषा डोळ्याने दिसू लागली, तो अर्धा अभियंता झाला.

अशाच श्रमातून माण तालुक्यातील टाकेवाडी गावाने २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला. भांडवली हे माणमधलेच गाव दुसऱ्या क्रमांकात होते. ४५ दिवस बायाबापड्यांनी, पोराटोरांनी भर उन्हात चर खोदले. दुष्काळी म्हणून हिणवल्या गेलेल्या तालुक्याला ही गोष्ट अभिमानाची वाटते व वाटावीच.

परंतु याच कामात असताना एका प्रश्नाने माझी झोप उडवली होती. मी नोकरीत नवीन होतो. एका वस्तीवर रोजगार हमीतून चरांचे काम चालू होते. लेव्हल घेऊन मी खाली उतरलो, तर पाटी बाजूला ठेवून एक मावशी म्हणाली, "सायेब, ह्ये समदं पाणी मुरून जानार कुटं?" मी मोठ्या उत्साहाने समजावले की मुरमातून झिरपून खालच्या विहिरींना पाणी वाढेल. ती हसली. "म्हंजी पाटलांच्या हिरीला. आमची तर हीरच न्हाई." त्या कामावर मातीची पाटी वाहणाऱ्या निम्म्याहून अधिक बायका भूमिहीन होत्या. त्यांना मजुरी मिळाली, ती महत्त्वाचीच. पण त्यांनी मुरवलेले पाणी कायमचे दुसऱ्याचे झाले. कॉलेजात आम्हाला पाण्याचा वेग, दाब, गळती सारे शिकवले होते, मावशीच्या प्रश्नाचा धडा मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हता.

मावशीचे म्हणणे कायद्यानेही खरे आहे. आपल्याकडे भूजल हे जमिनीला चिकटलेले मानले जाते. ज्याची जमीन, त्याची विहीर. ज्याची विहीर, त्याचे पाणी. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने खोल बोअरवर बंधने आणली, तरी ज्याला जमीनच नाही त्याचा वाटा त्यातून निर्माण होत नाही. आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांकडे जमीन अजिबात नाही किंवा वतनाची तुकड्यातुकड्यांत वाटली गेलेली आहे. आटपाडीचे थोर साहित्यिक शंकरराव खरात यांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये विहिरीत पडलेले प्रेत वर काढण्यासाठी तराळकी करणाऱ्या त्यांच्या वडिलांना विहिरीत उतरावे लागल्याचा प्रसंग आहे. प्रेत काढायला विहीर चालते! ती परिस्थिती आज नाही, महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाने पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवून दिला. पिण्याच्या पाण्याचा हक्क आला, पण पिकवण्याच्या पाण्याचा हक्क ही अजून वेगळी बाब आहे.

बाबासाहेबांनी हा विषय केवळ सत्याग्रहापुरता ठेवला नव्हता, हे विद्यार्थ्यांना माहीत असायला हवे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. दामोदर नदीच्या खोऱ्याचा एकत्रित विकास करावा ही योजना त्यांच्या काळात आकाराला आली, तिच्यातून १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ झाले. १९४५ साली मध्यवर्ती जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला; आजचा केंद्रीय जल आयोग हा त्याचाच वारस. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी कटक येथे महानदीच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. हिराकूडचे धरण पुढे त्याच विचारातून उभे राहिले. नदीचे खोरे हे एक एकक धरून पूर, सिंचन, वीज, वाहतूक यांचा एकत्र विचार करावा, हा त्या काळी नवा विचार होता. गोरेगावच्या वाटेवर तहानलेला मुलगा चव्वेचाळीस वर्षांनी देशाच्या नद्यांचे धोरण ठरवीत होता.

माणदेशात सरकारी पाण्याची कामे दुष्काळाबरोबरच आली. राजेवाडीचा म्हसवड तलाव, नेरचा तलाव ही इंग्रजी अमदानीतली कामे. दुष्काळात माणसांना काम द्यायचे आणि त्यातून तलाव बांधायचा, ही पद्धत स्वातंत्र्यानंतरही राहिली. १९७२ च्या दुष्काळात सारा महाराष्ट्र खडी फोडीत होता. तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांनी आधी करून पाहिलेला प्रयोग त्या वेळी राज्यभर रोजगार हमी योजना म्हणून पसरला व १९७७ साली त्याचा कायदा झाला. देशाच्या रोजगार हमी कायद्याचे मूळ आपल्या शेजारच्या तालुक्यात आहे. कामाचा हक्क असा मिळाला. कामातून तयार झालेल्या पाण्याच्या हक्काचे काय, हा मावशीचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

त्याचे उत्तर शोधणारे दोन अभियंते मला माझ्या व्यवसायातले आदर्श वाटतात. गंमत अशी की दोघेही कृषी अभियंते नव्हते.

पहिले विलासराव साळुंखे. पुण्यात कारखाना चालवणारे यांत्रिक अभियंता. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरले आणि तेथेच गुंतले. नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन घेऊन त्यांनी बांध, पाझर तलाव, विहीर आणि उपसा असे सारे टप्पे स्वतः करून पाहिले. उजाड माळ पिकू लागला. इथवर ही एका चांगल्या अभियंत्याची गोष्ट झाली. त्यांचे मोठेपण पुढे आहे. १९७४ साली ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापून त्यांनी पाणी पंचायत उभी केली आणि तिचे नियम ठरवले. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा मिळेल. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी घालायचा. ह्यातील एकही नियम पंपाच्या माहितीपत्रकात सापडत नाही. पण हे नियम नसते तर त्यांच्या योजनांचे पाणी चार मोठ्या शेतकऱ्यांच्या उसात संपले असते, हे सांगायला अभियंता लागत नाही. २००२ साली ते गेले. त्यांच्या सर्व योजना टिकल्या नाहीत, विजेच्या बिलांनी काही बंद पडल्या, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरे के. आर. दाते, मुंबईचे स्थापत्य अभियंता. आपल्या सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात १९८० च्या दशकात येरळा नदीची वाळू ट्रकच्या ट्रक भरून जात होती. नदीतली वाळू म्हणजे जमिनीखालचा तलाव. वाळूच्या कणाकणांत पाणी धरून राहते, उन्हाने आटत नाही, आणि काठच्या विहिरी भरते. वाळू गेली तशा विहिरी आटल्या. गिरणी संपातून गावी परतलेले कामगार आणि शेतकरी मुक्तिसंघर्ष चळवळीत एकत्र आले; डॉ. भारत पाटणकर त्यांच्यात होते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरवले की बेसुमार उपसा थांबवायचा, स्वतः मर्यादित वाळू विकायची आणि त्या पैशातून धरण बांधायचे. त्याचा आराखडा दात्यांनी केला. ते बळीराजा स्मृती धरण. ह्या धरणाच्या पाण्यात गावातील प्रत्येक कुटुंबाचा, भूमिहीनांचादेखील, सारखा वाटा मानला गेला. ज्याला जमीन नाही त्याने आपल्या वाट्याचे पाणी दुसऱ्याच्या जमिनीवर भागीने वापरावे.

दात्यांनी पुढे हा विचार आकड्यात मांडला. पाच माणसांच्या कुटुंबाचे अन्न, चारा, जळण आणि थोडे विक्रीचे पीक यांसाठी वर्षाला सुमारे तीन हजार घनमीटर पाणी खात्रीने मिळाले, आणि ते पावसाच्या पाण्याला जोडून काटकसरीने वापरले, तर ते कुटुंब सन्मानाने जगू शकते. हा आकडा पाठ करून ठेवावा. अभियंत्याच्या हातात असा आकडा असला म्हणजे 'समन्याय' हा भाषणातला शब्द राहत नाही, त्याचा पाइप किती इंची ते काढता येते.

आता कृष्णेच्या पाण्याकडे वळू. केवळ पावसावर माणदेशाची तहान पुरती भागत नाही, हे मान्य केले पाहिजे. सलग दोन वर्षे पाऊस चुकला तर चर आणि बांध काय अडवणार? २०१२-१३ साली म्हसवडला जनावरांची छावणी पडली होती ती कोणी विसरलेले नाही. म्हणून बाहेरचे पाणी हवेच. १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि डॉ. पाटणकर यांच्यासारख्यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांतील लोकांना एकत्र करून हीच मागणी लावून धरली. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ झाले आणि टेंभू योजना हाती घेतली गेली. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी अडवून ते टप्प्याटप्प्याने वर चढवत खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे आणले जाते. वरच्या अंगाला जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचे पाणी नेरच्या तलावात आणि तेथून बोगद्याने माणच्या आंधळी धरणात येते. उरमोडीचेही पाणी माण-खटावला येते. पूर्वजांनी जे स्वप्नातही पाहिले नव्हते ते आज पात्रात दिसते.

येथे पुन्हा हिशेब करावा लागतो. टेंभूचा मूळ आराखडा २२ टीएमसी पाण्याचा व ८०,४७२ हेक्टर क्षेत्राचा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. २२ टीएमसी म्हणजे सुमारे ६२ कोटी घनमीटर. भागाकार केला तर हेक्टरी साधारण ७,७०० घनमीटर येतात. पाटाने भिजवलेल्या आडसाली-सुरू उसाला हेक्टरी वीस हजार घनमीटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे गळती आणि बाष्पीभवन अजिबात नाही असे धरले, तरी एकतीस हजार हेक्टरांवर ऊस झाला की सारे २२ टीएमसी संपले. उरलेले एकोणपन्नास हजार हेक्टर कोरडे. हा कोणाच्या नियतीचा दोष नाही, साधा भागाकार आहे. याच पाण्याचे दात्यांच्या मापाने वाटे केले तर कागदावर दोन लाखांवर कुटुंबे बसतात.

शिवाय पाणी चढवायला वीज लागते. एक घनमीटर पाणी शंभर मीटर उंच चढवायचे तर पंपाची व मोटरीची घट धरून सुमारे ०.४ युनिट खर्च होते. समजा एखाद्या शिवाराला पाणी तीनशे मीटर चढून येते. मग घनमीटरला १.२ युनिट. कुटुंबाच्या तीन हजार घनमीटरला सुमारे साडेतीन हजार युनिट, आणि एका हेक्टर उसाला सुमारे चोवीस हजार युनिट! उपसा योजना वीजबिलाने का बंद पडतात याचे कोडे इथे सुटते. आटपाडी-सांगोल्याच्या शेतकऱ्यांनी डाळिंब आणि ठिबक यांची जोडी जमवली, ती या दृष्टीने शहाणपणाची होती. आटपाडी तालुक्यात उघड्या कालव्यांऐवजी बंद पाइपांतून पाणी वाटण्याची जी मागणी चळवळीने केली, तिच्यामागेही हाच हिशेब आहे. बंद पाइपात पाणी मुरत नाही, आटत नाही, चोरीला कमी जाते, आणि मुख्य म्हणजे ते मोजता येते. जे मोजता येते त्याचेच वाटे पाडता येतात.

पाण्याच्या वाट्यावरून भांडणे नवी नाहीत. आपल्या वाचकांना रोहिणी नदीचा प्रसंग ठाऊक आहे. शाक्य आणि कोलीय दोघेही त्या नदीवर शेती करीत आणि आधी पाणी कोणी घ्यायचे यावरून हाणामाऱ्या होत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून हाच प्रसंग मांडला आहे. शाक्य संघ युद्धाला निघाला असता तरुण सिद्धार्थाने सुचवले की दोघे आपले निवडा, दोघे त्यांचे, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा सोडवावा. संघाने ते मानले नाही. पाणी वापर संस्थांच्या सभांना बसताना मला हा प्रसंग नेहमी आठवे. २००५ च्या कायद्याने आपल्याकडे सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे द्यायचे ठरवले. पाणी मोजून द्यावे, संस्थेने आपसांत वाटावे, ही तरतूद उत्तम आहे. पण सभासदत्व लाभक्षेत्रातील जमिनीशी बांधलेले. सभेत मावशी नसते. तेव्हा तिच्या वाट्याचे बोलणार कोण?

येथे अभियंत्याला हात आहेत. आराखडा तो करतो, आणि आराखड्यात जे नाही ते पुढे कोणी देत नाही. पाझर तलावाखाली सामुदायिक विहीर धरता येते. वस्तीच्या परसबागांना, शेळ्या-म्हशींच्या चाऱ्याला स्वतंत्र तोटी काढता येते, तिला पाणी फार लागत नाही. गायरानातल्या चरांवरचे गवत आणि झाडोरा कापण्याचा हक्क ज्यांनी चर खोदले त्या गटाला द्यावा, असा ठराव काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत करून घेता येतो. काम झाल्यावर तो होत नाही, हा माझा अनुभव. मी स्वतः तीन ठिकाणी असा प्रयत्न केला. दोन ठिकाणी फसला. एका ठिकाणी मंजूर आराखड्यातील सामुदायिक विहीर प्रत्यक्षात 'जागा योग्य नाही' म्हणून दोनशे फूट सरकली आणि एका खाजगी बांधाच्या आत गेली. कागदावर सही माझीच होती. तिसऱ्या ठिकाणी बारा कुटुंबांनी मिळून विहीर चालवली, त्यांतल्या तीन घरांतली मुले पुढे पदवीधर झाली.

विद्यार्थी मित्रांना आता व्यवहाराचे सांगतो. बारावीला गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र घेऊन राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी. कृषी अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची आहे. राहुरी आपल्याला जवळ. पुढे मृद व जलसंधारण किंवा सिंचन व निचरा या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. राज्य लोकसेवा आयोगाची कृषी सेवा परीक्षा, कृषी संशोधन, बँका, ठिबक कंपन्या, स्वयंसेवी संस्था असे मार्ग आहेत. औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर येथील वाल्मी ही संस्था १९८० पासून पाणी व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देते. पुण्याची सोपेकॉम ही १९९१ साली दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली संस्था सहभागी सिंचनावर अभ्यास करते. तिचे अहवाल मिळवून वाचावेत. कंपनीत पगार बरा, खात्यात स्थैर्य, संस्थेत दोन्ही बेताचे पण शिकायला पुष्कळ. घरची परिस्थिती पाहून ठरवावे, त्यात कमीपणा मानू नये.

पण प्रवेशाची वाट न पाहता एक काम आजपासून करता येईल. आपल्या वस्तीतल्या किंवा जवळच्या तीन विहिरी निवडाव्यात. दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतची खोली दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजावी आणि वहीत लिहावी. शेजारी त्या महिन्याचा पाऊस, विहीर कोणाची, तिच्यावर किती घरे पाणी भरतात, किती एकर भिजते, कोणते पीक, तेही लिहावे. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे एवढी नोंद झाली की गावच्या पाण्याविषयी त्या मुलाला तालुक्याच्या कचेरीपेक्षा अधिक कळू लागते. ज्यांच्या वह्या भरतील त्यांनी त्या संस्थेच्या कार्यालयात आणून दाखवाव्यात. मी रविवारी सकाळी तेथे असतो, ओळंब्याची काठीही तेथेच ठेवली आहे.